रस्त्यावरून दिलेले मार्क: जासईच्या घरांना हा तक्ता लागू पडतो का?

इमारतींच्या भूकंप-धोक्यावर पीएचडी करायची म्हटली की सुरुवात बहुतेक 'रॅपिड व्हिज्युअल स्क्रीनिंग'पासून होते. कारण सोपं आहे, मशीन लागत नाही. तक्ता घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, मजले मोजायचे, खाली पार्किंग उघडं आहे का बघायचं आणि मार्क मांडायचे. मीही तसंच केलं. पण पद्धत जिथे अडते ते पेपरांत फारसं लिहीत नाहीत, म्हणून हे टिपण.

आधी मार्क म्हणजे काय ते नीट बघा. मूळ तक्ता अमेरिकेचा, फेमा-154, पहिली आवृत्ती 1988 ची. त्यातला स्कोअर मोठ्या धक्क्यात इमारत कोसळण्याची शक्यता सांगतो, लॉगरिदमच्या भाषेत. 2 म्हणजे शंभरात एक, 1 म्हणजे दहात एक. पण ही शक्यता तिथल्या इमारतींवरून काढलेली आहे. आपण मूळ गुण जसेच्या तसे उचलले की आकडा येतो, त्याचा अर्थ मात्र तिकडेच राहतो. तरी आपले प्रबंध '2.3, म्हणजे सुरक्षित' असं बिनधास्त लिहितात!

सुधीर जैन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेली पद्धत त्यामानाने खूपच प्रामाणिक आहे. 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादच्या काँक्रीट इमारतींचं जे नुकसान झालं, त्यावर ती उभी आहे. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी उघड्या तळमजल्याचे अपार्टमेंट बसले. आयएस 1893 मध्ये अहमदाबाद झोन 3, आपला रायगडही झोन 3. म्हणून मला वाटलं, हाच तक्ता जासईला घेऊन जावा.

जासई म्हणजे 1984 च्या शेतकरी आंदोलनाचं गाव. एका बाजूला बंदराकडे जाणारे ट्रेलर, दुसऱ्या बाजूला गावठाण. जमिनी संपादनात गेल्या, कुटुंबं वाढली, आणि या पट्ट्यातल्या गावांत लोकांनी गरजेपोटी घरं वर वर नेली. नकाशा मंजूर नाही, इंजिनियर नाही. तक्त्यात 'बांधकामाचं वर्ष' असा एकच रकाना. मी एका काकूंना वर्ष विचारलं. त्या म्हणाल्या, "कंचा मजला?"

तिथेच तक्ता संपला. वर्षावरून आपण धरून चालतो की तेव्हाचा कोड पाळला असेल. इथे एकाच घरात तीन वर्षं आणि तीन ठेकेदार आहेत, आणि कोड एकाच्याही ओळखीचा नाही.

मजा म्हणजे, रस्त्यावरून दिसणारी सगळ्यात महत्त्वाची खूण तक्त्यात नाहीच. गच्चीवर बघा: पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या. वर्षानुवर्षं पावसात आणि खाडीच्या वाऱ्यात गंजत उभ्या असतात. उद्या मजला चढला की नव्या सळ्या यांनाच जोडणार, म्हणजे लॅप येणार अगदी स्लॅबलगत, कॉलमच्या पायाशी. भूकंपात कॉलमवर सगळ्यात जास्त ताण येतो तो वरच्या आणि खालच्या टोकाला. आयएस 13920 म्हणूनच सांगतो की लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागात घ्या. म्हणजे वर चढवलेल्या मजल्यांचा हा दोष बाहेर उभं राहून ओळखता येतो, पण त्याला मार्क नाहीत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. स्क्रीनिंगचं काम फक्त रांग लावायचं: आधी कोणती इमारत आतून तपासायची. पण ज्या घराची कागदपत्रंच वादात आहेत, त्याच्या दारावर 'कमी स्कोअर' लिहिलं तर घरच्यांना ते पाडकामाची नोटीस वाटते. "कुठल्या ऑफिसातून आलात?" हा प्रश्न मला प्रत्येक दारात आला. काहींनी दार लावूनच घेतलं, आणि ते चुकीचं नव्हतं. परिणाम असा की जी घरं सगळ्यात धोक्याची असू शकतात, त्यांचीच माहिती सगळ्यात तुटपुंजी. मग सरासरी काढून नकाशा रंगवायचा, तर तो कुणी दार उघडलं याचा नकाशा होतो. पेपरात हे 'डेटा उपलब्ध नाही' एवढ्या तीन शब्दांत उरकतात. तुम्ही तसं करू नका. किती दारं बंद राहिली ते मोजा आणि छापा.

माझ्या तक्त्यात आता प्रत्येक मजल्याला वेगळं वर्ष आहे, सळ्यांचा रकाना आहे, आणि घराचा स्कोअर घरमालकाला विचारल्याशिवाय कुणाला देत नाही. रिंगांचे हुक 135 अंशात वळवलेत की 90, हे मात्र अजून गवंड्यालाच विचारावं लागतं. तो हसतो आणि म्हणतो, "ताई, रिंग म्हंजे रिंग."