'नि' म्हणजे आम्ही की आपण?

बिशानला एमआरटी बदलताना हे वाचत असाल, तर आजूबाजूला जरा कान द्या. मलयात 'आम्ही' म्हणजे 'कामी', 'आपण' म्हणजे 'किता'. तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्'. सिंगापूरच्या राष्ट्रगीतात आहे ते 'किता', म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून.

झामेनहोफच्या १८८७ च्या एस्पेरांतोत मात्र दोन्हींना एकच शब्द: 'नि'. कुणी म्हणालं, 'नि' जेवायला चाललोय, तर तुम्ही उठायचं की बसून राहायचं? सगळ्या जगासाठी केलेल्या भाषेत ही उणीव खटकते. साचा युरोपचाच राहिला.

पण आपणही फार ऐटीत राहायला नको. "समीरने आपली सायकल विकली." कुणाची? त्याची स्वतःची, की तुमची-माझी? इथे एस्पेरांतो सरस: स्वतःची असेल तर 'सिआ', दुसऱ्या कुणा पुरुषाची असेल तर 'लिआ'. घोळच नाही.

तरी 'आपण' सोडू नका. इंग्रजी 'वी'च्या सवयीने "आजी, आम्ही उद्या बाहेर जेवायला जाऊ" म्हणालात, तर व्याकरण बरोबरच असतं. फक्त आजी घरी राहते.