कादंबरी पुरावा म्हणून वाचताना : निपाणीची वखार आणि खडेबाजारची बोली

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या बैठकीत मी निपाणीच्या तंबाखू वखारींवर एक टिपण वाचलं होतं. वखारीतल्या बायकांची मजुरी, कामाचे तास, मुकादमाची वागणूक हे सगळं मांडताना माझा मोठा आधार होता तो महादेव मोरे यांच्या कथा-कादंबऱ्यांचा. टिपण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. तरुणपणी त्या वखारीत कामाला होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यो रोज कंच्या सालातला म्हणायचा? आन कुठल्या वखारीतला?" मला उत्तर देता आलं नाही. खाली बसता बसता त्या म्हणाल्या, "पर बाय तशीच बोलती बगा. मुकादमाफुडं एक, आन चुलीफुडं एक."

त्यांचं ते बोलणं तेव्हापासून डोक्यात आहे. कादंबरीत समाजाचं वास्तव असतं, हे आपण सहज म्हणतो. पण नेमकं कोणतं वास्तव?

मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले आणि २०२४ मध्ये गेले. वखारीतल्या बाया, ड्रायव्हर-क्लीनर, गॅरेजमधली पोरं, देवदासी ही त्यांची माणसं. 'एकोणिसावी जात', 'झोंबडं' ही पुस्तकांची नावंच सांगतात की हा लेखक कुठं उभा राहून बघतोय. अशा लेखनाला 'अस्सल', 'जिवंत दस्तऐवज' म्हणून गौरवायची आपल्याला सवय आहे. त्यात कौतुक असतं, पण लेखकानं काय निवडलं, काय गाळलं, कुणाच्या तोंडी काय घातलं, हे त्याचं काम बाजूला पडतं. मीही तेच केलं होतं. कादंबरीला मी हजेरीपुस्तक समजलो.

तारीख आणि आकडा हवा असेल तर दुसरी साधनं आहेत. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. शेवटी गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. त्याचा तपशील वर्तमानपत्रांत सापडतो. वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात त्या बायका स्वतः बोलतात. मग कादंबरीकडं उरतं काय? आजींनी सांगितलं तेच : एकाच बाईचे दोन आवाज. कॅमेऱ्यापुढं माणूस साक्ष देतो. कादंबरीत तो साक्ष देत नसतानाही दिसतो, आणि तो कुणापुढं गप्प बसतो हेही कळतं.

याचा अर्थ मोरे यांचं सगळंच लेखन सारख्या ताकदीचं आहे असा नाही. काही ठिकाणी दुःखाच्या घटना एकावर एक रचल्या जातात आणि माणूस मागं पडून त्याचं हालच पुढं येतात, असं मला वाटतं. घटना खऱ्या असल्या तरी तिथं वाचक आत शिरत नाही, नुसता हळहळतो. जिथं संवाद कामाच्या लयीत चालतो, तिथं मात्र एक वाक्यही पुरतं.

आता आपल्या बेळगावकडं येतो. खडेबाजारातल्या एखाद्या कापडाच्या दुकानात अर्धा तास बसून बघा. दुकानदार एका गिऱ्हाईकाला "बर्री, कूतकोळ्ळी" म्हणतो, दुसरीला "काय दाखवू काकू?", तिसऱ्याला "कित्ता होना?" आणि मधेच घरी फोन लावून "मी आता येऊलालो" असं सांगतो. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्याची मातृभाषा एकच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातून आजपर्यंत, सीमाप्रश्नाचा युक्तिवाद अशाच तक्त्यांवर चालत आला आहे. हक्क मागायला तक्ता लागतो, हे मान्यच. पण त्या रकान्यात हा दुकानदार पुरा मावत नाही.

प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा ('वनवास'पासून 'झुंबर'पर्यंतची चार पुस्तकं, सलग वाचली तर कादंबरीच) काहींना निव्वळ स्मरणरंजन वाटतात. मला तसं वाटत नाही. त्या मुलाच्या मराठीत कानडी सहज मिसळलेलं आहे आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. सीमेवरचं घर कसं बोलत होतं, याचा याहून चांगला पुरावा मला कुठल्या अहवालात मिळाला नाही.

वसाहतीनंतरच्या कादंबरीची चर्चा जगभर बहुतेक साहेबाच्या भाषेभोवती फिरते. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून गिकुयूत कादंबरी लिहिली, तीही तुरुंगात, टॉयलेट पेपरवर. तो निर्णय मोठाच. आपली अडचण मात्र वेगळी. इथली रेघ साहेब गेल्यावर आपल्याच सरकारनं ओढली, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भाषा आपल्याच. साहेबाची भाषा टाकून हा गुंता सुटत नाही. म्हणून इथल्या लेखकाला 'कुठली भाषा' यापेक्षा 'कुणापुढं कुठली भाषा' हे जास्त बारकाईनं ऐकावं लागतं.

मंडळातल्या मित्रांना म्हणून एक विनंती. यापुढं टिपणात कादंबरीचा आधार घेतला तर तो कशासाठी घेतला ते लिहूया. मजुरीच्या दरासाठी घेऊ नये, बोलण्यासाठी आणि नात्यांसाठी जरूर घ्यावा. माझ्या जुन्या टिपणातले रोजाचे आकडे मी काढून टाकले आहेत. त्या आजींकडं पुढच्या महिन्यात वही घेऊन जाणार आहे. वखारीतले शब्द त्यांच्या तोंडून लिहून घ्यायचे आहेत. कुणी सोबत येणार असेल तर कळवा.