औंधची चित्रे

देवीच्या डोंगरावर माणसे नवस फेडायला जातात. चित्रे पाहायला म्हणून कोणी डोंगर चढल्याचे सहसा ऐकिवात नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला मात्र ही दोन्ही कामे एकाच चढणीत होतात. वर मूळपीठावर यमाई, आणि त्याच डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय. मी चित्रकलेचा पंडित नव्हे, खेड्यातला शिक्षक आहे. तथापि मुलांना काय दाखवावे आणि का दाखवावे, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. त्याच नजरेने मी ही चित्रे पाहिली.

औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले आणि १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारले. सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण ते स्वतः चित्रकार होते, त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले होते. संग्रहालयाच्या पाठोपाठच, १९३९ साली, त्यांनी राज्यकारभार घटनेने प्रजेच्या हाती दिला. मला या दोन गोष्टी एकाच वृत्तीच्या वाटतात. राजवाड्यात टांगलेले चित्र पाहुण्यांपुरते असते. डोंगरावर ठेवलेले चित्र यात्रेकरूचेही होते.

येथील चित्रांत पहिला मान अर्थातच राजा रविवर्म्याचा. त्याला ओळखत नाही असे मराठी घर क्वचितच असेल. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत, दुकानांत, पुढे दिनदर्शिकांवर जाऊन बसल्या. परंतु ही ओळख छापाची आहे. छापात मुखडा येतो, पण कातडीखालचे रक्त येत नाही. मूळ तैलचित्रापुढे उभे राहिले की कळते, की रेशमाची चमक आणि गालाची चमक या दोन निराळ्या चमका आहेत, आणि तो फरक रंगाच्या थरांनी साधला आहे.

दोषही तेथेच दिसतो. त्याच्या नायिका दुःखातसुद्धा प्रेक्षकांकडे थोड्या वळून उभ्या असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले; रविवर्म्याची चित्रे त्याच काळाची, आणि त्यांच्या पायांखाली मला रंगमंचाच्या फळ्या जाणवतात. धुरंधरांकडे आले की मोकळे वाटते. त्यांच्या गर्दीतल्या माणसाला दुसऱ्या माणसाचा धक्का लागतो, पागोटे सरकते, पदर सावरावा लागतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची वाट आणखी निराळी. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत पुढे ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) हे चित्रपट काढतो. पडद्यावर रंगवलेली माणसे त्याने चालायला लावली. या तिघांची चित्रे एका छपराखाली पाहताना मराठी डोळा कसा घडला, याचा इतिहासच उलगडतो.

आणि मग येते हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडी ‘माता आणि बालक’. रविवर्म्याच्या दालनातून आलेला प्रेक्षक येथे गोंधळतो. ना दागिना, ना भरजरी पदर. मूरच्या मातांना चेहरा नावापुरताच. माया असते ती देहाच्या वजनात. आईचे आईपण अशा दगडात उतरू शकते, हे शहाण्यासुरत्यांना समजावून सांगावे लागते.

आमच्या एटापल्लीच्या पोरांना ते सांगावे लागणार नाही, असे मला वाटते. आमच्याकडे माडिया माणसे आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. त्या दगडांना नाक-डोळे कोरलेले नसतात. पण घरच्यांना तो आजा असतो. मूरच्या शिल्पापुढे ही मुले थबकतील, आणि रविवर्म्यापुढे विचारतील, “बाई खरी आहे का, गुरुजी?” दोन्ही प्रश्न कलेचेच आहेत.

कोणी म्हणेल, रानातल्या मुलांना तैलचित्रे कशाला? त्यांची स्वतःची कला आहे, ती जपा म्हणजे झाले. ती जपलीच पाहिजे. पण हा युक्तिवाद शहरातल्या मुलाबाबत कोणी करत नाही. त्याला वारली चित्रही दाखवतात आणि रविवर्माही. निवडीचा अधिकार त्याला, आणि आमच्या मुलाला मात्र फक्त वारसा, हा कोणता न्याय? दुसरा कोणी म्हणेल, छापील चित्र आहे ना! त्याचे उत्तर वर देऊन झाले आहे.

अडचण पैशाची, असेही म्हणता येणार नाही. माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यातल्या ७२ गावांच्या धन्याने जे केले, ते आजच्या एखाद्या जिल्ह्याला का जमू नये? १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले; संग्रहालय आज सरकारचे, म्हणजे आपल्या सर्वांचे आहे. त्यातली चार चित्रे पावसाळा सरल्यावर महिनाभर तरी दूरच्या तालुक्यांत फिरावीत. चांगली पेटी, चांगला पहारा आणि कोरडी खोली एवढ्याची तरतूद करणे राज्याला जड नाही. आमच्या सूरजागडच्या डोंगरातले लोखंड ट्रक भरभरून बाहेर जाते. त्या रिकाम्या परतणाऱ्या वाटेने एखादे खरे चित्र आत यावे, एवढेच मागणे आहे.