फासे आणि प्रार्थना

‘आश्रयदाता’ ही कल्पना आपल्या धर्मग्रामांना नवी नाही. प्रत्येक चर्चचा एक आश्रयदाता संत असतो. त्याच्या सणाआधी नोव्हेना होतात, सणाच्या दिवशी मिरवणूक निघते आणि वर्षभर घरातल्या अडीअडचणी त्याच्या कानी घातल्या जातात. इंग्रजीत त्याला ‘पेट्रन’ म्हणतात. मात्र एका खेळाच्या निमित्ताने हाच शब्द आज तरुण मुलांच्या तोंडी निराळ्याच अर्थाने येतो. ‘माझ्या पेट्रनशी मला बोलायचे आहे,’ असे एखादा मुलगा टेबलाभोवती बसलेल्या मित्रांना सांगतो, तेव्हा त्याच्या मनात संत अंतोन नसतात. त्याच्या मनात असतो एखादा परीलोकीचा राजा, एखादा सैतान किंवा ताऱ्यांपलीकडे निजलेली एखादी अनाम शक्ती. हे ऐकून आईवडील दचकले तर त्यात नवल नाही. परंतु दचकण्यापूर्वी हा खेळ नीट वाचून पाहणे इष्ट ठरेल.

‘वाचून पाहणे’ हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून करीत आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. त्याला पटाची गरज नाही. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांच्यापैकी एक जण निवेदक होतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात, आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र वठवतात. निवेदक प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो आणि जेथे यशाची खात्री नसते तेथे वीस पैलूंचा फासा टाकला जातो. म्हणजे हे नियमपुस्तकाच्या आधाराने जागच्या जागी रचलेले नाटकच होय. म्हणून त्याला साहित्याचे निकष लावणे वावगे ठरू नये.

या नाटकाच्या मुळाशी ख्रिस्ती स्मृती आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्याच आवृत्तीत योद्धा व जादूगार यांच्या जोडीला ‘क्लेरिक’, म्हणजे धर्मसेवक, हे पात्र होते. साहित्याच्या यादीत लाकडी क्रूस दोन सुवर्णमुद्रांना आणि चांदीचा क्रूस पंचवीस मुद्रांना मिळत असे. या धर्मसेवकाच्या मंत्रांमध्ये काठ्यांचे साप करणे होते, कीटकांची धाड आणणे होते, पुढे पाणी दुभंगणेही आले. मोशेची आठवण येथे उघड आहे. मात्र १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथापर्यंत ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन व भारतीय दैवते एकाच बाजारात मांडली गेली, आणि क्रूसाच्या जागी ‘पवित्र चिन्ह’ असा गुळगुळीत शब्द रूढ झाला. चमत्कार राहिले, पण ते करणारा कोण, हा प्रश्न ऐच्छिक झाला.

आता मुख्य विषयाकडे वळू. पात्राने आपल्या दैवताशी संपर्क साधावयाचा कसा? २०१४ सालच्या नियमपुस्तकात त्यासाठी अनेक वाटा आहेत. ‘ऑगरी’ या मंत्राने पुढच्या अर्ध्या तासातल्या कृतीविषयी शुभ, अशुभ, संमिश्र किंवा काहीच नाही, एवढाच कौल मिळतो. ‘कम्यून’ या मंत्राने धर्मसेवक आपल्या दैवताला तीन प्रश्न विचारू शकतो, पण ते ‘होय-नाही’ने उत्तर देता येण्याजोगे हवेत. विश्रांती न घेता तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर उत्तर न मिळण्याची शक्यता दर खेपेस शेकडा २५ ने वाढते. तिसरी वाट ‘काँटॅक्ट अदर प्लेन’ या मंत्राची. परलोकीच्या अज्ञात बुद्धीला साद घालायची. फासा अनुकूल पडला तर पाच प्रश्नांना प्रत्येकी एका शब्दात उत्तर, प्रतिकूल पडला तर मनावर आघात आणि पुरेशी विश्रांती होईपर्यंत वेड. १९७८ च्या नियमांत तर याचे सविस्तर कोष्टकच होते. जितक्या दूरच्या शक्तीला साद घालावी तितके ज्ञान अधिक आणि वेड लागण्याचा धोकाही अधिक.

‘वॉरलॉक’ हे पात्र या खेळात २००४ साली एका पुरवणी ग्रंथातून आले. धर्मसेवक उपासना करतो, वॉरलॉक करार करतो. २०१४ च्या पुस्तकात त्याला परीलोकाचा अधिपती, सैतान किंवा प्राचीन महाशक्ती यांपैकी एक आश्रयदाता निवडावा लागतो. त्याच्याकडून सामर्थ्य मिळते, आणि बदल्यात काय द्यायचे ते खेळाडू व निवेदक यांनी मिळून ठरवायचे. कथेच्या दृष्टीने ही फार समृद्ध जागा आहे. ज्याच्याकडे ऋण आहे त्याला एक ना एक दिवस सावकार भेटणारच.

पण २०२४ च्या नव्या नियमपुस्तकाने या जागेचे काय केले ते पाहावे. नवव्या पायरीवर पोहोचलेल्या वॉरलॉकला आता एक हक्क मिळतो. मध्यस्थाशिवाय, शक्ती खर्च न करता, एका दीर्घ विश्रांतीमागे एकदा तो आश्रयदात्याशी थेट बोलू शकतो. वेड लागण्याचा फासा त्याला टाकावाच लागत नाही. धर्मसेवकाच्या बाबतीतही तेच घडले. २०१४ साली दहाव्या पायरीवरचा धर्मसेवक दैवताला मदतीसाठी हाक मारी तेव्हा शंभरांत दहाच वेळा ती ऐकली जाई, आणि मदत कोणत्या रूपाने यावी हे निवेदक ठरवी. २०२४ मध्ये फासा गेला. धर्मसेवकाने ठराविक मर्यादेतला एक मंत्र स्वतः निवडावा आणि तो लागू करावा, इतके ते सोपे झाले.

खेळणाऱ्याच्या सोयीसाठी हा बदल झाला असेल. नव्वद वेळा रिकाम्या हाताने परतणे कोणाला आवडेल? तरीही साहित्याचा वाचक म्हणून मला हा तोटा वाटतो. कथेतले पात्र हे पात्र ठरते ते त्याला स्वतःची इच्छा असते म्हणून. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो आश्रयदाता उरत नाही. तो एक अवजार होतो. जुना फासा ओबडधोबड होता हे खरे. देवाचे मौन आणि फाशाची बेफिकिरी या एकच गोष्टी नव्हेत. पण त्या फाशाने निदान ‘नाही’साठी एक दार उघडे ठेवले होते, आणि कल्पक निवेदक त्या दारातून आश्रयदात्याला माणसासारखा आत आणू शकत होता.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे शौल राजा आठवल्यावाचून राहणार नाही. पलिष्ट्यांचे सैन्य समोर उभे ठाकलेले. शौल परमेश्वराला विचारतो, पण स्वप्नांतून, उरीमद्वारे किंवा संदेष्ट्यांकडून त्याला उत्तर मिळत नाही. तेव्हा तो वेषांतर करून रात्री एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो. ज्याने स्वतःच अशा लोकांना देशाबाहेर घालवले होते, तोच त्यांच्या दाराशी उभा राहतो. त्याला हवा तो संपर्क मिळतो, पण हवे ते उत्तर मिळत नाही. देवाचे मौन हा तांत्रिक बिघाड नव्हता. शौलाने ऐकणे कधीच सोडून दिले होते, त्याचे ते उत्तर होते. हे त्या कथेचे मर्म एकाही नियमपुस्तकाच्या कोष्टकात बसत नाही.

याहून मोठा भेद दुसराच आहे. खेळातल्या या सर्व मंत्रांत प्रश्न पात्र विचारते आणि उत्तर वरून येते. तीन प्रश्न, पाच प्रश्न, असा त्यांचा हिशेबही ठरलेला. शास्त्रात मात्र पुष्कळदा उलटे घडते. एदेन बागेत लपलेल्या आदामाला देव तो कोठे आहे म्हणून विचारतो. होरेब पर्वतावर मंद वाणीनंतर एलियाला विचारले जाते की, तो येथे काय करीत आहे. ईयोब इतकी प्रकरणे प्रश्न विचारतो आणि शेवटी वादळातून त्यालाच प्रश्न येतात. प्रार्थनेत आपण उत्तर मागायला जातो आणि आपल्यालाच उत्तर द्यावे लागते. अशा संपर्काला नियम करता येत नाही, कारण तो संपर्क नव्हे, ती भेट असते.

मग मुलांनी हा खेळ खेळावा की नाही? १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठी भीती पसरली होती. तो खेळणारे सैतानाचे उपासक होतात, असे सांगणारी चित्रपुस्तिकाही १९८४ साली निघाली. १९८९ च्या आवृत्तीतून ‘डेव्हिल’ व ‘डीमन’ हे शब्दच काढून टाकण्यात आले. पुढे ते परतही आले. माझ्या मते ती भीती नेमक्या जागी बोट ठेवीत नव्हती. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणुकीने सैतानाला शरण जाणे, भविष्यकथन आणि जादूटोणा यांचा स्पष्ट निषेध केला आहे, आणि तो प्रत्यक्ष कृत्यांचा निषेध आहे. प्रभूच्या दुःखसहनाच्या नाट्यात यहूदाची भूमिका करणारा तरुण काही प्रभूला विकत नाही. आपले पात्र सैतानाला हाक मारते असे सांगणारा मुलगा स्वतः ती हाक मारीत नसतो. हा फरक मात्र त्याला कळतो ना, हे पाहणे आईवडिलांचे काम आहे.

खरा धोका सौम्य आहे आणि म्हणूनच तो ध्यानात येत नाही. वरच्याशी बोलणे ही एक सुविधा आहे, ठराविक कृती केली की ठराविक फळ मिळते, अशी मनाची घडण होणे हा तो धोका. आणि ही घडण या खेळाने आणली असे म्हणण्याचे धैर्य आपल्याला होईल काय? वांद्र्याच्या मोत मावलीच्या पायथ्याशी मेणाची घरे, मेणाचे हातपाय विकत घेताना, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनांचा हिशेब बोटांवर मोजताना आपल्या मनात काय असते? अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीला प्रार्थनेचे फळ चिकटवणे ही अंधश्रद्धा होय, असे त्याच धर्मशिकवणुकीत सांगितले आहे. श्रद्धेने लावलेली मेणबत्ती आणि करारादाखल लावलेली मेणबत्ती बाहेरून सारखीच दिसते. आपल्यापैकी कितीतरी जण रविवारच्या मिस्सेत क्लेरिक असतात आणि संकटाच्या रात्री वॉरलॉक होतात.

म्हणून मुलांच्या हातून पुस्तक काढून घेण्याऐवजी एखाद्या संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसावे, आणि आपल्या मुलाला एवढेच विचारावे : ‘तुझा आश्रयदाता तुला पुष्कळ देतो, पण तो तुला कधी काही विचारतो का?’ त्या प्रश्नाने खेळाची कथा नक्कीच अधिक चांगली होईल. आणि घरी परतून रोझरी हातात घेताना तोच प्रश्न आपल्यालाही सोबत करील.