पांढऱ्या वेष्टनातली चोरटी गाणी

बूटलेग म्हणजे बाजारातल्या तबकडीची स्वस्त नक्कल नव्हे. कलावंताने जे कधी प्रकाशितच केले नाही, ते त्याच्या संमतीवाचून छापून विकणे म्हणजे बूटलेग. श्रोत्याने कार्यक्रमात लपूनछपून केलेले ध्वनिमुद्रण, रेडिओवरून उतरवून घेतलेला प्रयोग, स्टुडिओतून बाहेर गेलेली टेप या साऱ्यांतून ते निघते. नकलेत कलावंताचे पैसे बुडतात. बूटलेगमध्ये आपले कोणते गाणे पुरे झाले आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा त्याचा हक्कच जातो. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात आपल्याच नावाचा अनोळखी एलपी हाती येतो तेव्हा मुख्य दुखणे हेच असते.

रॉक संगीतात याची सुरुवात १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये विकल्या गेलेल्या ‘ग्रेट व्हाइट वंडर’पासून मानतात. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातल्या या दोन तबकड्यांत बॉब डिलनची १९६१ मध्ये मिनियापोलिसला आणि १९६७ मध्ये ‘द बँड’सोबत घरगुती टेपवर उतरलेली गाणी होती. अमेरिकी केंद्रीय कायद्याने तेव्हा गीत-संगीताच्या रचनेला संरक्षण दिले होते. ध्वनिमुद्रणाला ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले, आणि कार्यक्रमातल्या चोरट्या मुद्रणावर थेट बंदी यायला १९९४ उजाडले.

मधल्या काळात ज्याने त्याने आपापला मार्ग काढला. लेड झेपेलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट लंडनच्या दुकानात स्वतः जाऊन माल ताब्यात घेत. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून टेप करणाऱ्यांना प्रेक्षागृहात वेगळी जागाच दिली; अट एकच, विक्री नाही. फ्रँक झापाने १९९१ मध्ये ‘बीट द बूट्स’ या मालिकेत बूटलेग तबकड्याच जशाच्या तशा, आवाजातल्या खरखरीसकट, अधिकृतपणे बाजारात आणल्या. हा टोला नेमका होता, पण त्यातून झापाच्या संगीतात काही भर पडली नाही.

डिलनचे उदाहरण अधिक खोल आहे. ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ हे गाणे त्याने १९८३ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि ‘इन्फिडेल्स’ या अल्बममधून वगळले. चोरट्या प्रतींतून ते रसिकांपर्यंत पोचले आणि त्याच्या श्रेष्ठ गाण्यांत गणले जाऊ लागले. १९९१ मध्ये ‘द बूटलेग सीरीज’च्या पहिल्या संचात ते अधिकृतपणे आले. इथे रसिकांचा कान कलावंताच्या निवडीपेक्षा सरस ठरला, हे मान्य करावेच लागते. तरी गाणे वगळण्याचा त्याचा हक्क त्यामुळे खोटा ठरत नाही.

पुढे युरोपातल्या नव्या कायद्याने मुद्रणानंतर पन्नास वर्षांत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचेच संरक्षण वाढवले. म्हणून २०१२ अखेरीस डिलनच्या कंपनीने त्याच्या १९६२ च्या अप्रकाशित मुद्रणांचा साध्या वेष्टनातला संच काढला. प्रती होत्या शंभराच्या आसपास.