परतीच्या वाटेवरील शाळा : 'श्वास' आणि 'तारे जमीं पर' यांतील शिक्षक व समाजकार्यकर्ता

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या चित्रपटावर वर्गात चर्चा चालू असताना नाणे मावळातील वडिवळे येथून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो परशा पुढे शाळेत गेला का?" या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. समीक्षेतही हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. 'श्यामची आई' नंतर सुमारे पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारी ही मराठी कलाकृती आजोबा-नातवाच्या नात्याची कथा म्हणून गौरविली गेली, आणि ते योग्यही आहे. तथापि विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पाठीशी नेमके कोण उभे राहते, या दृष्टीने तिच्याकडे पाहिल्यास काही वेगळ्या गोष्टी नजरेत भरतात. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने 'श्वास'चा आणि त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या 'तारे जमीं पर' (२००७) या हिंदी चित्रपटाचा विचार केला आहे.

'श्वास'मधील परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. डॉक्टर साने, आजोबा आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ती आसावरी या तिघांमध्ये मुख्य प्रश्न उभा राहतो तो शस्त्रक्रियेचा नव्हे, तर हे सत्य मुलाला सांगण्याचा. अमृता सुभाष यांनी साकारलेली आसावरी मराठी चित्रपटातील दुर्मीळ व्यक्तिरेखा आहे. समाजकार्य हा व्यवसाय आहे, त्याला प्रशिक्षण लागते आणि दयाबुद्धी म्हणजे समाजकार्य नव्हे, हे तिच्या वावरण्यातून प्रेक्षकाला कळते. भारतात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली झाली. म्हणजे आसावरीच्या मागे सुमारे सहा दशकांची परंपरा उभी आहे. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला रुग्णालयाची भाषा उलगडून सांगणारी ती दुभाषी आहे.

परंतु चित्रपटातील खरी शैक्षणिक कृती आसावरी करीत नाही, ती आजोबा करतात. शस्त्रक्रियेपूर्वी ते कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि शहर डोळे भरून पाहू देतात. रुग्णालयाच्या शिस्तीत हा अपराधच ठरतो. शिक्षणाच्या दृष्टीने पाहता मात्र पुढे ज्याच्या आधारे जगायचे ते अनुभवांचे भांडवल मुलाच्या हाती देण्याचा हा प्रयत्न आहे. अरुण नलावडे यांनी हा प्रसंग कोठेही भावविवश होऊ दिलेला नाही. या अर्थाने आजोबा हेच 'श्वास'मधील शिक्षक होत. त्यानंतर मूल काळा चष्मा लावून होडीतून गावी परतते आणि चित्रपट थांबतो. कलादृष्ट्या हा शेवट निर्दोष आहे. वडिवळ्याच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो.

'तारे जमीं पर'मध्ये याच्या उलट रचना आढळते. येथे शाळा आहे, किंबहुना शाळाच शाळा आहे, पण समाजकार्यकर्ता नाही. ईशान अवस्थीला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. वह्या तपासून कला शिक्षक निकुंभ ती ओळखतो, मुलाच्या घरी जातो आणि परक्या लिपीतला मजकूर वाचायला सांगून वडिलांना मुलाची अवस्था समजावतो. पुढे मुख्याध्यापकांशी बोलून तो सवलतीही मिळवितो. घरभेट, पालकांचे समुपदेशन, संस्थेकडे रदबदली ही सर्व कामे वस्तुतः समाजकार्यकर्त्याची आहेत. निकुंभ ती करतो, कारण लहानपणी त्याने स्वतः तेच भोगले आहे. येथेच या चित्रपटाची मर्यादा दिसते. योग्य वेळी योग्य पूर्वानुभव असलेला शिक्षक भेटणे हा योगायोग आहे, आणि योगायोगावर व्यवस्था उभी राहत नाही. (ईशानचा मित्र राजन चालण्यासाठी कुबड्या वापरतो, पण त्याच्या गरजांकडे कथेचे लक्ष क्वचितच जाते, हेही नमूद करावयास हवे.)

चित्रपट आला तेव्हा १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. तो २०१६ च्या कायद्याने केला आणि प्रकारांची संख्या एकवीसवर गेली. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र शासनाने २०२२ साली विशेष शिक्षकांचे प्रमाणही ठरविले : प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक. समाजकार्यकर्त्याबाबत मात्र असे काही प्रमाण ठरलेले नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक, पदवीधर शिक्षक आणि उपशिक्षक ही पदे असतात. आसावरीचे पद तेथे नाही.

आता परशा होडीने कोकणात न उतरता लोकलने कामशेतला उतरला आणि तेथून वडिवळ्याच्या वाटेला लागला, अशी कल्पना करू. पुण्यातील रुग्णालयाच्या समाजकार्यकर्तीचे काम रुग्णालयाच्या दाराशी संपते. गावच्या शिक्षकाला मूल परत आल्याचे कळते ते हजेरीपटावरून, तेही पटावरून नाव कमी झालेले नसेल तर. ब्रेल शिकवू शकणारा विशेष शिक्षक एकाच शाळेचा नसतो. त्याला अनेक गावे फिरावी लागतात, आणि मावळातल्या पावसाळ्यात हे फिरणे किती होत असेल हे त्या भागात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पुण्याच्या कोरेगाव पार्कमधील अंधशाळेत निवासी प्रवेश. तेथे शिक्षण मिळते, पण मुलाला घर सोडावे लागते. कायद्यातील 'पसंती' हा शब्द वडिवळ्यातील आजोबांना कोणी तरी समजावून सांगितला तरच त्याला अर्थ उरतो, आणि तो समजावणारा माणूस दोन्हीही चित्रपटांच्या चौकटीबाहेर राहिला आहे.

ही दोन्ही कामे एकत्र करण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले आणि पुढे कोसबाडला गेलेले ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य पाहावे. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली आणि तिचे नाव 'कुरणशाळा' झाले. मूल कोठे आहे, घरात काय चालले आहे आणि त्याला काय शिकवायचे, हे तीन प्रश्न त्यांनी तीन खात्यांकडे सोपविले नाहीत. अनुताईंचे लेखन मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसते. आले तरी चरित्रपर गद्य म्हणून येते.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की, चित्रपट तेथे संपतो. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे तर तिथूनच सुरू होतं."