मिठाचे रण आणि आपली प्रवासवर्णने

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या एका कादंबरीच्या नायकाला कच्छच्या रणात नेले. मी स्वतः तोवर तिकडे फिरकलोही नव्हतो. मासिकांतले चारपाच प्रवासलेख वाचले, त्यांतली चांदी, दूध, बर्फ आणि चांदणे गोळा केले, आणि एक प्रकरण बेतले. आमच्या घरी पहिले वाचन पत्नीचे. तिने कागद खाली ठेवले आणि विचारले, "अहो, एवढं पांढरं पांढरं लिहिलंत, पण त्या माणसाला तिथं तहान लागली की नाही?"

टीका वर्मी लागली. भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात वाढलेल्या माणसाने वाळवंटावर लिहावे आणि पाणीच विसरावे! ते प्रकरण मी बाजूला ठेवले आणि जानेवारीत भुजला गेलो. तेथून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर धोरडो, त्यापुढे रण.

आधी प्रवासलेखकांच्या बाजूने बोलतो. ते दृश्य पाहून माझीही वाचा बसली. दृष्टी पोचेल तिथवर पांढरे, आणि क्षितिजाची रेघ पुसलेली. अशा वेळी माणूस चांदण्याचा आधार घेतो, त्यात लबाडी नाही. परंतु मी खाली वाकलो. मिठाचा पापुद्रा बोटाने उचकटला, तर खाली काळा, ओला चिखल! पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी या सपाटीवर पसरते, ते उन्हाने आटते आणि मीठ मागे उरते. म्हणजे ज्याला आपण वाळवंट म्हणतो ते वर्षातले काही महिने पाण्याखाली असते. एवढी नवलाची गोष्ट मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हती. उपमा सुचली की पाहणे संपते, हा आपल्या प्रवासवर्णनांचा पहिला दोष.

दुसरा दोष शब्दाचा. 'रण' म्हटले की मराठी कानात रणशिंग वाजते, आणि लेखक लगेच निसर्गाच्या संग्रामावर घसरतो. पण हे रण युद्धाचे नव्हे. संस्कृतात 'इरिण' म्हणजे क्षारपड, नापीक भूमी. तिच्यावरून हा शब्द आला असे मानतात. शब्दाचे मूळ शोधले असते तर परिच्छेदभर खोटा आवेश वाचला असता.

तिसरा दोष मला अधिक बोचतो. परतताना मी छोट्या रणाच्या कडेला गेलो. तिथे अगरिया कुटुंबे मीठ पिकवतात. पावसाळा सरला की ती रणात उतरतात, जमिनीखालचे खारे पाणी पंपाने वर काढतात, वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळा येईपर्यंत दंताळ्याने ओढत राहतात. प्यायचे पाणी टँकरने येते. आपल्या देशातले सुमारे तीन चतुर्थांश मीठ गुजरातेत होते. त्यात यांचा वाटा मोठा. या माणसांविषयी लेखांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते : मिठाने कडक झालेले त्यांचे पाय चितेतही जळत नाहीत. वाचून डोळ्यांत पाणी येते. पण ही गोष्ट सांगणाऱ्या लेखकाने त्या माणसाशी, तो जिवंत असताना, चार शब्द तरी बोललेले असतात काय? मी ज्याच्या खोपटाशी बसलो त्याने पायांचा विषयही काढला नाही. डिझेलला किती पैसे जातात आणि व्यापारी भाव किती कमी देतो, हे तो सांगत होता. मी मागितले नसताना त्याने मला पाण्याचा पेला दिला. टँकरच्या पाण्यातला! त्या पेल्यापुढे माझे सगळे प्रकरण अळणी ठरले.

कोणी म्हणेल, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या वैदर्भीयाला मिठाचे एवढे काय? पण 1930 साली अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला लोकांनी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला होता. पूर्णेच्या काठचा आमचा खारपाणपट्टा आजही आहे. तिथली बाई गोड्या पाण्यासाठी काय करते, हे आम्ही तरी किती कादंबऱ्यांत लिहिले? दूरच्या रणाला चांदणे आणि जवळच्या खाऱ्या विहिरीला मौन, हा हिशेब काही बरा नव्हे. त्यात माझेही नाव आहे.

चांगल्या प्रवासवर्णनाची माझी कसोटी आता साधी झाली आहे. पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' 1960 साली पुस्तकरूपाने आले आणि अजून वाचले जाते, ते इमारतींच्या वर्णनासाठी नव्हे. त्यात माणसे भेटतात म्हणून. लेखकाने स्थळ पाहिले, एवढे पुरत नाही. तिथे राहणाऱ्याने लेखकाला कसे पाहिले, तेही पानावर यायला हवे.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिले. पूर्वी बारा पाने होते, आता पाच आहे. चांदणे एका ओळीत आटोपले. पेल्याला दीड पान लागले. पत्नीने परवा चकलीचे पीठ मळता मळता ते ऐकले. चिमूटभर मीठ पिठात टाकताना तिचा हात क्षणभर थांबला. म्हणाली, "आता लागली तहान."